जोडीतला धाकटा

जोडीतला एक गेला, तर उरलेल्यानं काय करायचं असतं?

हे मी कुंभाराला विचारलं, घराच्या भिंतीला विचारलं, माझ्या पोटात अंडी घालणाऱ्या कोंबडीलाही विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. कोंबडी तर तोंड फिरवून बसली. म्हणून आता तुम्हाला विचारतो. मी घडा बोलतोय. मातीचा, काळा, पोटानं गोल. शिकलेला नाही, त्यामुळे बोलताना मागचं पुढं होईल, मधेच आवाज चढेल. चढू द्या. माझा भाऊ मेला आहे.

आमचा जन्म मूल नावाच्या तालुक्याच्या गावापुढे, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात झाला. गावाला मोठं तळं आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की इसरू कुंभार त्याचा गाळ खणून आणायचा. त्याच गाळाचे आम्ही.

आम्ही पाणी भरायचे घडे नव्हतो. आमच्या गावचे ढिवर, म्हणजे मासेमार लोक, शिंगाडे तोडायला तळ्यात जातात ते घड्यांच्या जोडीवर बसून. दोन घडे उपडे करायचे, वर आडवे बांबू टाकून दोरीनं आवळायचे, मधे एक फळी. घड्यांच्या पोटात हवा कोंडते आणि त्या हवेवर माणूस तरंगतो. म्हणून मी जन्मभर पाण्यावर राहिलो, पण माझ्या पोटात पाण्याचा थेंब कधी गेला नव्हता. हे लक्षात ठेवा.

अशी जोडी करायची एक रीत आहे. दोन्ही घडे एकाच गोळ्यातून, एकाच बैठकीत काढायचे आणि भट्टीतही शेजारी ठेवायचे. एकानं जास्त पाणी प्यायलं, एक जड झाला, तर जोडी कलते आणि माणूस तळ्यात जातो. चाकावरून आधी उतरला तो थोरला, मग उतरला तो धाकटा. धाकटा मी.

आम्हाला न्यायला बापूजी आला. तो ढिवर. त्यानं आम्हाला तळ्यात सोडून पाहिलं आणि म्हणाला, "इसरू, धाकटा जराक कलते वाट्टे."

"लेका, आधी तुयं पोट पाह्य," इसरू म्हणाला. "जोडी बराबर हाय. तूच एकीकडं झुकून बसतं."

काठावर बापूजीची बायको गोकुळा उभी होती. ती इतकी हसली की तिच्या डोक्यावरची टोपली पडली.

मग आमचं काम सुरू झालं. दसऱ्यापासून पौषापर्यंत शिंगाड्याचे दिवस. बापूजी फळीवर बसायचा, हातानं वेल उचलायचा, काटेरी शिंगाडे तोडून टोपलीत टाकायचा. काठावर गोकुळा मोठ्या गंजात ते उकडायची. धूर पाण्यावरून आमच्यापर्यंत यायचा. मी पहिल्या दिवशी घाबरलो होतो. पाणी सगळीकडून दाबत होतं. पलीकडून दादाचा आवाज आला, "धाकट्या, पोटातली हवा सोडू नको. बाकी सारं होते."

तेवढंच तो सांगायचा. लाट आली तरी तेच, बापूजी जोरात सरकला तरी तेच. मला राग यायचा. मी म्हणायचो, "मालूम हाय मले, घडी घडी काऊन सांगतं?" आता वाटतं, आणखी सांगायला हवं होतं त्यानं. दिवसभर सांगायला हवं होतं.

तो दिवस पौषातला. पाणी खाली गेलं होतं. गोकुळा काठावरून ओरडली, "अवो, सांज होऊन राह्यली, या आता!"

"एक खेप अजून!"

"तुमची एक खेप म्हंजे सरपंचाचं भाषण. सरतच नाई!"

बापूजी हसत होता. हसत हसत त्यानं हातानं पाणी मागे लोटलं आणि आम्ही पुढे सरकलो. पाण्याखाली जाळ्याचा एक जुना खुंटा होता. मोडका, टोकदार. वरून दिसत नव्हता. खट् असा आवाज झाला. मोठा नाही. नारळ सोलताना होतो तेवढा.

दादाची हवा बुडबुड्यांनी वर आली. माझ्या अगदी शेजारून आली. तो काही बोलला असेल तर त्या बुडबुड्यांत बोलला. मला कळलं नाही.

फळी उलटली, बापूजी पाण्यात गेला. त्याला पोहता येत होतं, पण शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकले की पोहणं कामाचं नाही. त्यानं मला मिठी मारली. एकट्यानं माणूस पेलायची मला सवय नव्हती. मी गरगर फिरलो. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला बापूजीचं काही पडलं नव्हतं. दादाची खापरं खाली खाली चालली होती. मला वाटलं, कलावं, हवा सोडून द्यावी आणि जावं त्याच्यामागे. मी कललोही. मग त्याचं ते वाक्य आठवलं. हवा धरली. त्या वाक्यावर बापूजी काठाला लागला, माझ्यावर नाही.

गोकुळानं त्याला आधी दोन रट्टे दिले, मग त्याच्या ओल्या छातीवर डोकं ठेवून रडली. त्या दोघांकडे पाहून मला फार वाईट वाटलं. त्यांची जोडी वाचली होती.

बापूजी मला घेऊन इसरूकडे गेला. "याले जोड करून दे."

"मेलेल्याच्या जागी दुसरा नाई बसत, बापूजी. दोन्ही नवे घे, नाई तर एकबी नको."

"मंग याचं काय करू?"

इसरू चाक फिरवत राहिला. मीही तेच विचारत होतो.

आमच्याकडे असं आहे की उरलेला घडा कोणी आपल्या हातानं फोडत नाही. तो ठेवतात. आपोआप फुटला, तर त्याची खापरं उकिरड्यावर जात नाहीत, तळ्यात जातात. ज्या तळ्याची माती, त्या तळ्यात. दादा तसा गेला. मी मात्र साबूत होतो. साबूत असणं ही माझी अडचण होती.

बापूजीनं मला घराच्या भिंतीला टांगलं. पुढच्या शिंगाड्याला त्यानं ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणली. काळी, गुळगुळीत, एकटीच. तिला जोड लागत नाही. मी तिला कधी काही विचारलं नाही. ती काय सांगणार? कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली, तेवढीच काय ती ऊब.

असे पावसाळे गेले. मग एके सकाळी गडचिरोलीचे इनायतभाऊ आणि त्यांची बायको जरीना जीपमधून शिंगाडे घ्यायला थांबले. इनायतभाऊंचं गडचिरोलीत फर्निचरचं दुकान. जरीनाबाईंना जुनी मातीची भांडी घरात मांडायचा नाद. लग्नानंतर माहेरी गेल्या तेव्हा आईची लोणच्याची बरणी भंगारवाल्याला दिलेली कळली, तेव्हापासूनचा हा नाद. हे मला पुढे कळलं.

त्यांची नजर भिंतीवर गेली. "बाई, तो घडा देता का मले? बैठकीत ठेवीन."

"कोंबडीचा हाय तो," गोकुळा म्हणाली.

इनायतभाऊ हसून म्हणाले, "अब कोंबडीसे भी सौदा करो. घर है के कुंभारवाडा?"

बापूजीनं मला खाली उतरवलं, अंडी काढून घेतली, आतून हात फिरवला. पैशाचं विचारलं तर तो म्हणाला, "घड्याचे काय पैसे? न्या. एकटाच हाय. इथी त्याच्याकडं पाह्यवत नाई." पण गोकुळानं पदर खोचला. "बाई, एक गोष्ट हाय. फुटला तर फेकजा नोका. खापरं इथी आणून देजा. तळ्याची माती हाय."

"फुटेल कायले? काचेच्या कपाटाजवळ ठेवीन. पण ठीक हाय, जबान दिली."

जीप निघाली. मी तळ्याकडे पाहत होतो. धुळीमुळे शेवटचं वळण दिसलं नाही.

गडचिरोलीच्या घरी आधी मला साबणानं घासलं. तळ्याचा वास गेला. पोटावर दोरीचा खोल वळ होता. दुकानातल्या कारागिराला बोलावून त्यात लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी भरली आणि वरून चकचकीत पॉलिश मारलं. मग लोखंडी तिवईवर मला उभं केलं. तोंड वर करून! जन्मभर मी उपडा राहिलेला. छताचा पंखा पाहून मला चक्कर यायची.

बैठकीत पुष्कळ मंडळी होती. कान तुटलेली बरणी होती, ती नागभीडच्या रेल्वे स्टेशनवरच्या कॅन्टीनमध्ये होती म्हणे आणि सारखी गाड्यांच्या वेळा सांगायची. एक सुरई होती, तिच्यात मोरपिसं. कोणाच्याही पोटात त्याची स्वतःची वस्तू नव्हती. बरणीत लोणचं नाही, सुरईत पाणी नाही, माझ्यात हवा आहे पण तिच्यावर कोणी तरंगत नाही. सगळे सुंदर दिसत होतो.

पाहुणे यायचे. "वा, किती जुना आहे हो हा?" जरीनाबाई सांगायच्या, "दीडशे वर्षं. किल्ल्यात सापडला." मी तेव्हा दहा वर्षांचाही नव्हतो. माणसांना वस्तू आवडण्यासाठी तिचं वय वाढवावं लागतं, हे मी तिथं शिकलो. पण बाई वाईट नव्हत्या. दुपारी इनायतभाऊ दुकानात, मुलं शाळेत. तेव्हा त्या मऊ फडक्यानं आम्हाला पुसायच्या आणि एकेकाशी बोलायच्या. "तुझं बरं हाय रे," मला म्हणायच्या, "तुले कोणी विचारत नाई आज भाजी काय."

एकदा नागपूरच्या प्रदर्शनातून त्यांनी एक नवा घडा आणला. गेरूनं लाल, वर पांढऱ्या रंगाची काड्यांची माणसं नाचताहेत. त्याला माझ्या शेजारी ठेवून त्या दोन पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "आता कशी जोडी झाली!"

जोडी! मला वाटलं तिवईवरून उडी मारावी.

तो नवा जेमतेम महिन्याचा. भट्टीची ऊबही गेली नव्हती अंगातली. दिवे लागले तसा तो हळूच म्हणाला, "दादा, मले कुठी आणलं गा हे?"

"मले दादा म्हणू नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की बरणी गाड्यांच्या वेळा विसरली. तो पुन्हा बोलला नाही. त्याच्या पोटावरची माणसं मात्र नाचत राहिली. मी पुढचे कितीतरी महिने त्याच्याशी शब्द बोललो नाही.

मग दोन-तीन दिवाळ्या गेल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, दारात आवाज आला. "शिंगाडे घ्या, उकडेल शिंगाडे!" मी तो आवाज तळ्याच्या पलीकडूनही ओळखला असता.

गोकुळा. डोक्यावर टोपली, कपाळ मोकळं.

जरीनाबाईंनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. "भाऊ कसे हायत?"

"गेले. पोळ्याच्या आधी. ताप आला अन् डोक्यात चढला. मूलले नेऊ नेऊ म्हणेस्तोवर..." तिनं पेला खाली ठेवला. "तळ्यानं सोडलं होतं त्याइले. मच्छरानं नेलं."

जरीनाबाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. गोकुळाची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. उठली, जवळ आली. लांबीवरून बोट फिरवत म्हणाली, "इथी दोरी होती." मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलली, "काऊन रे, तू एकटा कसा राह्यला? मलेबी सांग."

माझा प्रश्न. माझाच प्रश्न, आणि तो मला विचारला. इतकी वर्षं मला उत्तर हवं होतं. त्या क्षणी मला ते द्यायचं होतं. माझ्यापाशी नव्हतं. मी चकचकत उभा राहिलो.

"घेऊन जा बाई याले," जरीनाबाई म्हणाल्या. "तुमचाच हाय."

"नाई. साबूत घडा एकला माघारी नेत नाई आमच्यात. घरात आता मीच एकली हाओ, तेवढं पुरे." टोपली डोक्यावर घेऊन ती दाराशी थांबली. "तुमी जबान देली हाय ना, तेवढी ठेवजा."

मी तेव्हाच ठरवलं, फुटायचं. फुटल्याशिवाय घर नाही. फुटलो की तळं, तळ्यात दादा. पण ठरवून फुटता येत नाही घड्याला. मांजर आलं की मी म्हणायचो, ये, मार धक्का. ते नव्याला अंग घासून निघून जायचं. मुलं बैठकीत चेंडू खेळली, तर चेंडू बरणीला लागायचा आणि बरणीला काही व्हायचं नाही. रेल्वेत राहिलेली ती.

शेवटी माझं काम जरीनाबाईंनीच केलं, आणि तेही लाड म्हणून. दिवाळी झाल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीची, निशातची मंगनी त्यांच्या घरी ठरली. बैठक सजवताना त्यांनी माझ्यात काठोकाठ पाणी भरलं, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, तरंगत्या मेणबत्त्या लावल्या. मला हवा धरायला केलेलं, पाणी धरायला नाही. बाहेरून पॉलिश, आतून कोरी माती. माती पाणी प्यायला लागली. दोरीच्या वळापाशी अंग आधीच पातळ होतं. वरची लांबी फुगली.

पोटात पाणी कसं लागतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. थंड, जड. दादाला शेवटी हेच कळलं असेल.

निशातच्या होणाऱ्या सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "खूप जुना दिसतो."

"दीडशे वर्षं," जरीनाबाई म्हणाल्या. "किल्ल्यात..."

नव्याला तडा दिसला असावा. तो घाबरून म्हणाला, "दादा!"

या वेळी मी त्याला रागावलो नाही. म्हणालो, "लेका, पोटातली हवा सोडू नको. बाकी सारं होते." त्याला काय कळलं असेल कोण जाणे. पण मला सांगावंसं वाटलं. मग मी माझी धरलेली सगळी ताकद सोडून दिली.

वळापासून मी गोल फुटलो. पाणी, पाकळ्या, मेणबत्त्या, सगळं सासूबाईंच्या पायावर. मग इनायतभाऊ म्हणाले, "दीडशे वर्षं टिकला, अन् आमच्या घरचं पाणी नाई पचलं!" सासूबाईंना हसू आवरेना. मंगनी सुखरूप पार पडली.

खापरं पोत्यात घालून मागच्या गॅलरीत ठेवली. वरच्या अंगाचे तुकडे तुकडे झाले होते, पण बूड अख्खं होतं, खोलगट ताटलीएवढं. सकाळी कचऱ्याच्या गाडीची घंटी वाजली. इनायतभाऊंनी पोतं उचललं. मी तेव्हा जितका घाबरलो तितका खुंट्याजवळही घाबरलो नव्हतो. गाडीत गेलो असतो तर गावाबाहेरच्या ढिगात, कोणाच्या कोणाच्या कचऱ्यात. दादा कायमचा गेला असता.

"ठेवा ते," जरीनाबाई म्हणाल्या.

"खापरांसाठी मूलच्या पुढं जाशील? पागल हो गई क्या?"

"जबान मी दिली हाय. खापरानं नाई दिली."

त्या एसटीनं निघाल्या, एकट्या, मांडीवर पोतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बाई पोत्यात?"

"घडा."

त्यानं पोतं हलवून पाहिलं. "घडा कायचा, घड्याची हड्डी हाय. याचं तिकीट माफ."

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. कार्तिकी पुनव होती. बायका तळ्यात दिवे सोडायला निघाल्या होत्या. गोकुळानं पोतं उघडलं, एकेक खापर हातात घेतलं, काठावरून पाण्यात सोडलं. "आणलीस माय," एवढंच जरीनाबाईंना म्हणाली. पहिल्यांदाच त्यांना बाई म्हणाली नाही.

बूड तिनं सोडलं नाही. उलटंपालटं करून पाहिलं. मग त्यात बापूजीच्या नावाचा मातीचा दिवा ठेवला, मोहाच्या बियांचं तेल घातलं, वात लावली. गुडघाभर पाण्यात उतरली.

"तरंगेल का?" जरीनाबाईंनी विचारलं.

"एकटा हाय. पाहू."

तिनं मला पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

तर आता मी तिथून बोलतोय, तळ्यातून. तोंड वर आहे, पण या वेळी चक्कर येत नाही. वर पंखा नाही, चंद्र आहे. वारा गावाकडून आहे, मला आत लोटतो आहे. खालून अंगात पाणी झिरपतंय. मी फार वेळ नाही. काठावर दोघी उभ्या आहेत. गोकुळानं जरीनाबाईंचा हात धरलाय. ती म्हणते आहे, "पाह्य, पाह्य, एकलाच चालला!"

गोकुळाबाई, मला अजूनही नीट सांगता येत नाही. तुम्ही पाहताय तेवढंच. नव्याला कोणी भेटलात तर त्याला सांगा, दादा म्हटलेलं मला चालतं.

खुंटा आला. त्याच्याखाली दादा आहे. बापूजीचा दिवा मी इथपर्यंत कोरडा आणला.